मातीची चौकी, मुक्काम कुरवंडे

पुणे, ता. ४ एप्रिल १९३४

ती. दत्तोबामामांना सोपानचा साष्टांग नमस्कार.

एक चांगली बातमी आहे. कुरवंड्याच्या वर, घाट कोकणात उतरायला लागतो तिथली जुनी मातीची चौकी सरकारनं ताब्यात घेतली. जानेवारीत आमच्या ऑफिसचे साहेब ती बघायला आले होते, टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि मामीनं सगळ्यांना ताक दिलं होतं, ते तुम्हांला आठवत असेल. साहेबांचं म्हणणं असं, की दगडी किल्ले जागोजाग आहेत, पण घाटाच्या तोंडाशी बसून जकात घेणाऱ्या माणसाचं नुसत्या मातीचं घर या भागात एवढं एकच उरलं आहे. छप्पर गेलं, दार गेलं, तरी तीन भिंती पुरुषभर उंच उभ्या आहेत. त्या राखायच्या.

राखणदार म्हणून मी तुमचं नाव सुचवलं होतं, ते मंजूर झालं. तुम्ही माझे मामा आहात हे अर्जात लिहिलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. पट्टा आणि पितळेचा बिल्ला वेगळा पाठवला आहे. माती कोणी नेऊ द्यायची नाही, आत कोणी राहायचं नाही, आणि दर महिन्याला वहीत चौकीची स्थिती लिहून पाठवायची. चौकी आहे त्या स्थितीत राहिली पाहिजे, यावर साहेबांचा कटाक्ष आहे.

मामीला नमस्कार.

तुमचा सोपान

कुरवंडे, ता. २२ एप्रिल १९३४

चिरंजीव सोपानास मामाचा आशीर्वाद.

बिल्ला पावला. तुझ्या मामीनं चिंच लावून घासला. आता लांबून लोक पोलीस आला समजून इचारत्यात, कोन मेलं.

पाटी घेऊन दोन मानसं आली. पाटी लोखंडाची हाय, एका अंगाला इंग्रजी, एका अंगाला मराठी. तिच्या खांबासाठी भिंतीच्या बुडाशी खड्डा खनाय लागली. मी म्हनलो, "हितं नगा खनू, भिंत बसंल." थोरला म्हनला, "नकाशात हितंच हाय." दुपारच्याला उत्तरंकडच्या भिंतीचा दोन हात तुकडा खाली बसला. पाटी मातूर भक्कम हाय. तिला काय व्हनार न्हाई.

कुलूपबी आलं, दोन किल्ल्यांसकट. चौकीला दार न्हाई. कुलूप कुटं लावू ते कळव. सध्या घरी खुंटीला लावून ठेवलंय.

वहीत आहे त्या स्थितीत असं लिवायचं म्हनतोस. कोनत्या दिवसाची स्थिती? पाटी लावन्याआधीची का नंतरची? हितं पाऊस धरला की चार महिने उघडीप न्हाई, हे तुला सांगाय नगं, लोनावळ्यातच वाढलास. छप्पर व्हतं तवर भिंत आमच्या आज्यापास्न उभी व्हती. छप्पर गेल्याला चार वर्सं झाली तर निम्मी गेली. माती पान्यात इरघळती असं सायबाला कळव. त्यांना ठावं असंल, पन कळव.

मामा

पुणे, ता. ९ मे १९३४

ती. मामांना सोपानचा नमस्कार.

भिंत बसल्याचं वहीत लिहू नका. तसं लिहिलं तर चौकशी होईल, आणि पाटी लावणारे आमच्याच ऑफिसचे आहेत. "स्थिती जैसे थे" एवढंच लिहा. सगळे राखणदार तेच लिहितात.

पाटी, कुलूप आणि वही असा जोड असतो. तो फोडता येत नाही, दार असो वा नसो. आणखी एक लक्षात ठेवा, पत्रात कुठेही दुरुस्ती हा शब्द येऊ देऊ नका. आमचं खातं जुन्या पडक्या वास्तू राखतं. दुरुस्तीचं खातं वेगळं आहे, आणि त्यांचं आमचं पटत नाही.

पावसाचं साहेबांना सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं.

घरचं म्हणाल तर सगळं ठीक. झुंबरचं इंदुरीहून चैत्रात पत्र आलं होतं. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, आता रुळली. रखमाजी स्वभावानं जरा तापट, पण घर खाऊनपिऊन सुखी आहे आणि सासूचा, धोंडाबाईंचा, तिच्यावर जीव आहे. आई-वडलांच्या मागं एकुलत्या बहिणीचं चांगलं झालं, याचं मला समाधान आहे. रखमाजींच्या चुलत्यांच्या शब्दावरच मला ऑफिसातली ही नोकरी मिळाली, तेव्हा दोन्हीकडून त्या घराचे उपकार आहेत.

तुमचा सोपान

कुरवंडे, ता. २ जून १९३४

चिरंजीव सोपानास आशीर्वाद.

कुलपाचं काम झालं. त्याला लावाय दार पायजे म्हनून चौथ्या उघड्या अंगाला कारवीच्या काठ्यांचा कूड आन दार केलं, आन दार उभं राहाय चौकट पायजे म्हनून जांभळीची चौकट केली. आता कुलूप जैसे थे हाय.

पावसाची झड लागू नये म्हनून भिंतींना गवताची झडप बांधली. वरनं आडवे बांबू टाकून पेंढा घातला. मानूस इरलं घेतो तसं घराला इरलं घातलंय. ही दुरुस्ती न्हाई. दुरुस्ती म्हनू नगं म्हनलास म्हनून सांगितलं.

चौकीच्या मागं वाडी हाय, तितली बाया नावाची ठाकरीन तुला ठावं असंल. मातीच्या कामात तिच्याएवढं जानतं या डोंगरात कुनी न्हाई. पडल्याली माती गोळा करून, भाताचं तूस आन शेन घालून, तुडवून तुडवून ती एक एक थर चढवती. एक थर वाळल्याबिगर दुसरा घालत न्हाई. बायाला हाताखाली एक बाई मिळाली हाय. तिला अजून जमत न्हाई, पन शिकंल.

झुंबर सुखात हाय हे वाचून तुझ्या मामीला बरं वाटलं. तिनं त्येवढा भाग माझ्याकडनं दोनदा वाचून घेतला. चैत्रात तिनं पत्रात काय काय लिवलं व्हतं ते सवडीनं कळव. पोरीचं अक्षर चांगलं. तूच शिकवलंस ना तिला?

मामा

पुणे, ता. २० जून १९३४

ती. मामांना सोपानचा नमस्कार.

झुंबरनं विशेष काही लिहिलं नव्हतं. म्हैस व्याली, पाऊसपाणी, असंच.

पण आता एक अवघड गोष्ट लिहायची आहे. रविवारी रखमाजी माझ्या बिऱ्हाडी आले. मेच्या अखेरीला झुंबर कोणाला न सांगता घरातून निघून गेली. नदीवर जाते म्हणाली ती परतलीच नाही. त्यांनी तळेगावात, देहूत, सगळ्या नात्यागोत्यांत पाहिलं. मला काही सुचत नाही. ती तुमच्याकडे आली तर एका पत्रानं कळवा, आणि तिला समजावून इंदुरीला पोचती करा. भांड्याला भांडं कोणाच्या घरात लागत नाही? चुलते मला ऑफिसात येऊन भेटले. रागावले नाहीत. नुसते बसून राहिले, ते जास्त वाईट.

साहेबांना गवताचं कळलं आहे. लोणावळ्याहून डोंगरावर फिरायला गेलेल्या एका गोऱ्या बाईनं त्यांना सांगितलं. जानेवारीत काढलेल्या फोटोत गवत नाही. परवानगीशिवाय वास्तूचं रूप बदलणं नियमात बसत नाही, तेव्हा काय ते लिहून पाठवा.

तुमचा सोपान

कुरवंडे, ता. ८ जुलै १९३४

चिरंजीव सोपानास आशीर्वाद.

गवताचं आधी लिवतो. सायबाला म्हनावं, गवत काढाय मी तयार हाय. काढल्यावर आठ दिसांनी फोटो काढाय या. त्यात गवतबी नसंल आन भिंतबी नसंल.

झुंबर माझ्या घरात न्हाई. हे मी तुझ्या मामीच्या देखत लिवतोय.

रखमाजी हितं येऊन गेला. गेल्या सोमवारी, संगं दोघं जन, तिघंबी चिंब. माझ्या घरात शिरले. तांदळाची कनगी उघडून बघितली, गोठा बघितला. मामीनं इचारलं, "म्हशीच्या पोटात बघता का?" मग वर चौकीवर गेले. मी बिल्ला लावून मागनं गेलो.

रखमाजी म्हनला, "कुलूप काढा."

मी म्हनलो, "पाटी वाचा."

त्यो वाचत बसला. लय वेळ लागला, पान्यानं दिसत नव्हतं. ही वास्तू सरकारी संरक्षणाखाली आहे, विनापरवाना आत शिरणाऱ्यावर खटला भरला जाईल. वाचून झाल्यावर म्हनला, "आत धूर कशाचा?"

"भिंत वाळवतोय. सरकारी भिंत हाय, भिजून चालत न्हाई."

"आत कोन हाय?"

"भिंती हायती. तीन."

त्यानं दाराला लाथ घातली. दार कारवीचं, पन हललं न्हाई. मी म्हनलो, "ही एक लाथ वहीत लिवावी लागंल. नाव पुरं सांगा, गाव इंदुरीच ना?" मग दुसरी घातली न्हाई. परवाना आनतो म्हनला आन गेला. जाताना त्याचा संगती निसरड्यावर पडला. त्याचं वहीत लिवलं न्हाई, कारन त्यो आपल्या हद्दीभाईर पडला.

जूनची स्थिती जैसे थे. उत्तरंकडं एक हात जास्त.

मामा

पुणे, ता. २४ जुलै १९३४

ती. मामांना सोपानचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून समाधान झालं. झुंबर तुमच्याकडे नाही म्हणजे नाही. रखमाजींना मात्र ते पटत नाही. चौकीत शिरू दिलं नाही, याचा त्यांना फार राग आला आहे. चुलते पुन्हा येऊन गेले. चौकी एकदा उघडून दाखवण्याचा लेखी परवाना ऑफिसातून काढून द्यावा, एवढीच त्यांची मागणी आहे. नाही कसं म्हणणार? असे बारीकसारीक परवाने साहेब न वाचताच सही करतात. मजकूर मीच लिहितो. येत्या आठवड्यात तो तयार होईल. रखमाजी तो घेऊन येतील तेव्हा तुम्ही कुलूप काढा, आत काही नाही ते त्यांना पाहू द्या, म्हणजे त्यांचा संशय फिटेल आणि माझ्यामागचं हे एक झंझट संपेल.

एक हात जास्त म्हणजे काय, ते कळलं नाही. भिंत वाढते कशी? ऑफिसात विचारतील.

तुमचा सोपान

कुरवंडे, ता. २७ जुलै १९३४

सोपान,

भिंत कशी वाढती ते सांगतो. तुझी बहीन वाढवती.

झुंबर मेच्या अखेरीला आली. इंदुरीहून तळेगाव ठेसनापातुर चालत, तितनं आगगाडीनं लोनावळा, आन तितनं परत चालत. भर दुपारी मी चौकीच्या बांदावर बसलो व्हतो. वरती पाटी बघितली, वाचली आन म्हनली, "मामा, इथं कुणाला येऊ देत न्हाईत ना?" मी म्हनलो, न्हाई. म्हनली, "मग मला इथंच राहू द्या." रखमाजी पैल्यांदा माझ्या घरीच बघायला येनार हे तिला कळलं, मला न्हाई कळलं. मी खोटं लिवलं न्हाई. माझ्या घरात ती न्हाईच.

रोज तुझी मामी न्हाईतर बाया तिच्या सोबतीला असती. काळजी करू नगं. करत असशील तर.

तिचं डावं मनगट वाकडं बसलंय. मुसळ लागलं असं मामीला सांगितलं. मामीनं इचारलं, मुसळ कुनाच्या हातात व्हतं. आली तवा चार दिस भिंतीकडं तोंड करून निजायची. नंतर बाया माती तुडवत व्हती तितं ही जाऊन उभी राहिली आन पाय घातले. बायानं तिला काय इचारलं न्हाई. बाया कुनालाच काय इचारत न्हाई. आता तुडवायचं काम झुंबरचं, आन उजव्या हातानं थर लिंपायचंबी. दुपारी मामीनं भाकर नेली तर आधी हातातला थर पुरा करती, मग जेवती.

चैत्रातलं तिचं पत्र तू मला सांगितलंस, म्हैस व्याली म्हनून. तिच्या पदराला तुझं उत्तर बांधल्यालं व्हतं. मी वाचलं. "सोसावं लागतं. इथे येऊन आमच्या तोंडाला काळं फासू नकोस. मामांनाही काही कळवू नकोस, त्यांना उगाच त्रास." अक्षर तुझंच हाय. वळनदार हाय. मामीला वाचून दाखवलं न्हाई, तिला तू आवडतोस.

आता परवान्याचं. परवाना आला तर मला कुलूप काढावं लागंल, मी सरकारी मानूस हाय, तूच केलास. मजकूर तू लिवनार म्हनतोस. तर लिव.

मामा

पुणे, ता. ६ ऑगस्ट १९३४

ती. मामांना,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी परवाना लिहून माझ्या टेबलावर पडला होता, सहीला जायचा होता. तो फाडला. दुसरा लिहिला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. त्याची नक्कल खाली देतो, म्हणजे तुमच्याजवळ राहील.

"मौजे कुरवंडे येथील मातीच्या चौकीत प्रवेश मिळण्याबाबत इंदुरीचे रखमाजी यांनी केलेल्या अर्जाचा विचार करण्यात आला. सदर चौकीच्या भिंती ओल्या असून त्या वाळेपर्यंत कोणासही आत सोडता येत नाही. भिंती केव्हा वाळतील ते राखणदार ठरवील. राखणदाराचा निर्णय अखेरचा राहील."

हा कागद मी रखमाजींच्या हातात दिला. चुलतेही होते. रखमाजी म्हणाले, "सोपानराव, तुमची बहीण कुठं आहे ते तुम्हांला ठाऊक आहे." मी म्हणालो, "हो. सांगणार नाही." चुलते म्हणाले, ही नोकरी कोणामुळे आहे ते विसरलास. मी म्हणालो, विसरलो नाही, म्हणूनच इतके दिवस लागले. ते गेल्यावर मी कामाला बसलो. दौत कलंडली आणि जुन्नरच्या नकाशावर शाई सांडली. तो नकाशा आता पुन्हा काढतो आहे.

चैत्रातल्या पत्राबद्दल काय लिहू? तीन वेळा लिहून खोडलं. तिला एवढंच सांगा की ते पत्र मी लिहिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

साहेब पाऊस संपला की तपासणीला येणार आहेत. मीही बरोबर असेन. ती आत राहते हे त्यांना कळता कामा नये. बाकी तुम्ही जाणता.

सोपान

कुरवंडे, ता. १४ ऑक्टोबर १९३४

दादास,

हे पत्र मामांनी लिहिलेलं न्हाई, मी लिहिते आहे. चैत्रातल्या त्या पत्रानंतर हातात लेखणी धरली नव्हती, अक्षर बघून हसू नकोस.

परवा तू साहेबांबरोबर आलास. मी आदल्या दिवशीच माझं अंथरूण बायाच्या घरी नेलं, चूल मोडून वर लिंपून टाकलं. मामा म्हणाले, आता आत राहणारं कुणी न्हाई, पण काम करणारी बाई असायला काय हरकत. म्हणून मी थर लावत बसले होते.

साहेबांनी टेप लावला, कागद बघितला, परत टेप लावला. मामांना म्हणाले, "ही भिंत जानेवारीत एवढी नव्हती."

मामा म्हणाले, "जानेवारीत व्हती. एप्रिलात नव्हती. आता परत हाय."

साहेबांनी खाली बसून माझ्या हातातली माती बघितली. मराठी बरी बोलतात, पण सावकाश. मला विचारलं, यात काय काय आहे. मी सांगितलं, तूस, शेण, आणि पडलेल्या भिंतीचीच माती, दुसरी न्हाई. म्हणाले, मग ही भिंत किती जुनी? मी म्हणाले, खालचे थर जकातदाराचे, वरचे बायाचे आणि माझे. म्हणाले, फरक ओळखायचा कसा? मी म्हणाले, अजून दोन पावसाळे गेले की मलाही ओळखता येणार न्हाई. मला वाटलं आता रागावणार. पण वही काढून त्यांनी तूस आणि शेणाचं प्रमाण लिहून घेतलं, आणि किती दिवस तुडवायचं तेही.

मग त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "ही बाई कोण?"

तू म्हणालास, "गावातली मजूर आहे, साहेब."

दादा, मी राग धरून लिहीत न्हाई. मी आत राहत होते हे कळू नये म्हणून तू तसं म्हणालास हे मला कळतं. तू टेपचं टोक धरून माझ्यापासून दोन हातांवर उभा होतास, आणि माझ्या मनगटाकडे बघत होतास, तेही मी बघितलं. पण चैत्रातल्या पत्राला आलेलं तुझं उत्तर मी आगगाडीत पुन्हा एकटीनं वाचलं होतं. परवाचं बोलणं बायानं ऐकलं, मामीनं ऐकलं. तू गेल्यावर मामी आत जाऊन बसली. संध्याकाळी स्वयंपाक केला न्हाई.

इंदुरीची बातमी अशी, की तुळशीचं लग्न झालं की तिकडे त्यांचं दुसरं लग्न लागणार आहे. मुलगी चाकणकडची. मला आता कुणी शोधणार न्हाई, असं मामा म्हणाले. ते खरं आहे, आणि मला हलकं वाटलं. पण त्या मुलीला कुणी मामा आहे का, ते कुणाला विचारावं कळत न्हाई.

साहेबांनी मामांना सांगितलं, या बाईचं नाव हजेरीपटावर घाला, काम चालू ठेवा. नाव काय घातलं असेल ते तुझ्याच कागदात असेल.

झुंबर

पुणे, ता. १ नोव्हेंबर १९३४

चि. झुंबरला दादाचा आशीर्वाद. आशीर्वाद लिहिण्याचा मला हक्क आहे का, हे तूच ठरव.

तुझं पत्र घेऊन मी दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. म्हणालो, तपासणीच्या अहवालात तिसऱ्या पानावर एक चूक आहे. त्यांनी अहवाल काढला. म्हणाले, कुठे? मी म्हणालो, "गावातली मजूर बाई" असं लिहिलं आहे तिथे "माझी धाकटी बहीण झुंबर" असं पाहिजे. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मग राखणदार तुझा कोण? मी म्हणालो, मामा. म्हणाले, आणखी कोणी? मी म्हणालो, मामी आहे, पण ती फक्त ताक देते. तू पावसाळाभर आत राहत होतीस, तेही सांगितलं. का, तेही सांगितलं. मनगटाचंही.

मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, नऊ वर्षांत मी जिच्या भिंती वाढल्या अशी एकच पडकी वास्तू पाहिली, आणि तिच्यात कोणी राहत होतं हे मला आज कळतं आहे. त्यांनी लेखणी घेतली आणि तिसऱ्या पानावरची चूक स्वतः दुरुस्त केली. दुरुस्त हा शब्द मी आपल्या ऑफिसात पहिल्यांदाच वापरतो आहे.

राखणदाराचं काम मामांकडेच राहील. बायाचं नावही तुझ्या नावाच्या वर लावलं आहे, कारण ती तुझी शिकवणारी. पण भावानं बहिणीच्या हजेरीवर सही करायची नाही, असा नियम निघाला. तेव्हा मावळचे सगळे कागद माझ्याकडून काढले आणि मला जुन्नरचे दिले. चौकीशी माझा आता काही संबंध उरला नाही. तपासणीलाही मी येणार नाही, दुसरा कोणी येईल.

म्हणजे कुरवंड्याला यायला माझ्याजवळ सरकारी कारण राहिलं नाही. पुढल्या आठवड्यात भाऊबीज आहे. मी यावं का? मामीला विचारून कळव. नाही म्हणालीस तरी पत्र पाठव.

तुझा दादा

कुरवंडे, ता. ३ नोव्हेंबर १९३४

दादास,

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. फक्त ताक देते, हे तिला आवडलं न्हाई. बाकी सगळं ऐकून ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली, तेव्हा यायला हरकत नसावी.

बायाला तिचं नाव वर आहे ते सांगितलं. ती म्हणाली, व्हय का, आणि पाणी आणायला गेली.

ओवाळणी आणू नकोस. नवा सदराही घालून येऊ नकोस. दक्षिणेची भिंत आम्ही भाऊबीजेलाच धरणार आहोत, कारण माती त्या दिवशी बरोबर मुरेल, थांबवता येत न्हाई. बायाची सून बाळंत झाली आहे, त्यामुळे तुडवायला एक माणूस कमी आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. पाय धुऊन ये, वहाणा पाटीपाशी काढ. आधी तुडवू, मग ओवाळीन.

झुंबर